नाटकाचे पैसे उरले, तर ते कुणाचे? गावच्या नाट्य मंडळाचा कारभार समजून घ्या

धान घरात आलं की झाडीपट्टीत नाटकाचे वेध लागतात. दिवाळीत भाऊबीजेपासून मंडई सुरू होते, मग शंकरपट, आणि रात्री नाटक. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत होळीपर्यंत हे चालतं. कापणी झालेल्या बांधीत नाही तर गावच्या खुल्या रंगमंचावर पडदा लागतो. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीची बोलणीही याच दिवसांत होतात.

या रंगभूमीचं नाव आता दूरवर गेलं आहे. गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण कलावंत मंचावर उभा राहण्याआधी गावात कुणीतरी जागा बघतं, वर्गणी मागतं, तिकिटं छापतं आणि रात्रभर गेटवर उभं राहतं. ते काम करतं गावचं मंडळ. आणि नाटक संपल्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं तेही याच मंडळात. कारण एकच, पैसा.

कंपनी वेगळी, मंडळ वेगळं

पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. वडशाला (देसाईगंजला) नाट्य कंपन्यांची बुकिंग कार्यालयं आहेत. गावचे लोक तिथं जाऊन तारीख घेतात, विसार देतात. कंपनी कलावंत, वादक आणते आणि ठरलेली रक्कम घेऊन जाते. हा तिचा व्यवसाय आहे आणि त्यावर अनेक घरं चालतात.

मंडळाचं तसं नाही. मंडळ जागा देतं, प्रेक्षक जमवतं, तिकीट विकतं. प्रेक्षक १०० आले काय नि २,००० आले काय, कंपनीला ठरलेले पैसे द्यावेच लागतात. म्हणजे नफ्या-तोट्याची सगळी जोखीम मंडळावर.

म्हणून कंपनीशी बोलणं तोंडी ठेवू नका. मंच, माइक, लाइट, जनरेटर, जेवण, राहणं, यातलं कोण काय पुरवणार? पाऊस आला तर तारीख पुढं जाणार की विसार बुडणार? मुख्य कलावंत आला नाही तर काय? एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

‘ना नफा’ म्हणजे पैसे उरू नयेत असं नाही

इथं बहुतेकांचा गैरसमज होतो. ‘ना नफा’ संस्था म्हटलं की लोकांना वाटतं, पैसे उरलेच नाही पाहिजेत. तसं नाही. पैसे उरले तर चांगलंच. फक्त ते सभासदांनी वाटून घ्यायचे नसतात. ते मंडळाच्या उद्देशासाठीच वापरायचे. पुढच्या वर्षीचं नाटक, मंचाची दुरुस्ती, शाळेच्या स्नेहसंमेलनाला मदत, गावातल्या दंडार किंवा भजन मंडळाला वाद्यं, असं काहीही, जे मंडळाच्या घटनेत लिहिलेलं आहे.

उदाहरण घेऊ. समजा कंपनीचे ७०,००० रुपये ठरले. मंडप, कनात, खुर्च्या, लाइट, जाहिरात, जेवण मिळून आणखी ५०,०००. एकूण खर्च १,२०,०००. तिकीट १०० रुपये ठेवलं, तर १,२०० तिकिटं विकली तेव्हा कुठं खर्च निघतो. १,६०० विकली तर ४०,००० उरतात. थंडी वाढली, शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक लागलं आणि ७०० च विकली, तर ५०,००० रुपयांचा खड्डा.

हा खड्डा कोण भरणार? मंडळ कागदावर नसेल आणि खात्यात काही नसेल, तर ज्यानं करारावर सही केली त्याच्या दारात लोक येतात. एका रात्रीच्या नाटकापायी एखाद्याचं धान विकलं जाऊ शकतं. म्हणून चांगल्या वर्षी उरलेले पैसे वाईट वर्षासाठी राखून ठेवणं हे मंडळाचं पहिलं काम. निदान एका नाटकाचा अर्धा खर्च बाजूला असावा, असं धोरण ठेवा.

नोंदणी करायची की नाही?

दोन मार्ग आहेत.

एक, वर्षातून एकदाच कार्यक्रम करायचा आणि त्यासाठी वर्गणी गोळा करायची. अशा वेळी नोंदणी नसलेल्या मंडळाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. गणपती आणि नवरात्राची मंडळं घेतात तीच ही परवानगी. अर्ज ऑनलाइन करता येतो. कार्यक्रम झाल्यावर हिशेब द्यावा लागतो.

दुसरा, कायमची नोंदणी. खुला रंगमंच वर्षभर चालवायचा असेल तर हाच मार्ग बरा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान ७ सभासद लागतात. मंडळाचं नाव, उद्देश, नियम, कार्यकारिणी, निवडणूक कशी होणार, हे सगळं घटनेत लिहायचं. धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली की मंडळाच्या नावानं बँक खातं उघडता येतं. मग पैसा अध्यक्षाच्या घरच्या कपाटात राहत नाही. खातं दोघांच्या सहीनं चालेल असं ठेवा.

नोंदणी म्हणजे एकदा केलं नि सुटलं, असं मात्र नाही. दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. कार्यकारिणी बदलली तर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज राहून गेला की कागदावर जुनीच नावं राहतात, काही वेळा वारलेल्या माणसांचीसुद्धा. मग बँकेत सही कुणाची चालणार, यावरून खातं अडतं.

एक सोय बघा. आपला हंगाम होळीच्या सुमारास संपतो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला. पावत्या ताज्या असतानाच हिशेब बांधून टाका.

बाहेरगावी नोकरीला असलेल्या गावकऱ्यांकडून मोठी देणगी घ्यायची असेल, तर आयकर खात्याची मान्यता उपयोगाची पडते. ती असेल तर नियमांप्रमाणे देणगीदाराला करात सवलत मिळू शकते. पण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ही सवलत नाही. मोठी रक्कम बँकेतूनच घ्या.

जागा कुणाची?

आमदार निधीतून किंवा ग्रामपंचायतीच्या पैशातून बांधलेला मंच मंडळाच्या मालकीचा होत नाही. तो वापरायला ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. किती दिवस, भाडं किती, झाडलोट नि वीजबिल कुणाकडे, हे ठरावात यायला पाहिजे. पेसा क्षेत्रातल्या गावांत ग्रामसभेत विषय आधी मांडा. शेतात नाटक असेल तर शेतमालकाची लेखी संमती घ्या. जागा वनविभागाची असेल तर त्यांना विचारल्याशिवाय खुंटासुद्धा ठोकू नका.

अनेक गावांत मंच आहे, पण त्यावर वर्षभर धान वाळतं नि बकऱ्या बसतात. वर्षातून एका रात्रीपुरता वापर असेल तर त्याची निगा कोण राखणार? दंडार, खडी गंमत, कीर्तन, शाळेचं संमेलन, बचत गटाचा मेळावा असं काही ना काही होत राहिलं, आणि प्रत्येक वेळी थोडं भाडं घेतलं, तर बल्ब नि रंगाचा खर्च त्यातूनच निघतो.

आवाज, संहिता, वीज: तीन ठिकाणी गाडी अडते

आवाज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवाच्या आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी शासन वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आपलं नाटक तर पहाटेपर्यंत चालतं. म्हणून पोलीस ठाण्यात अर्ज लवकर द्या आणि परवानगीच्या कागदावर वेळ काय लिहिली आहे ते स्वतः वाचा. ‘दरवर्षी चालतं’ हे उत्तर गुन्हा दाखल झाल्यावर कामाला येत नाही. नाटक संध्याकाळी लवकर सुरू करता येईल का, हेही कंपनीशी बोलून बघा. लहान मुलं नि म्हाताऱ्या माणसांची त्यात सोयच होईल.

संहिता. राज्यात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. कंपनीकडे ते असायला पाहिजे, त्याची प्रत मागून घ्या. गावची पोरं स्वतः नाटक बसवत असतील तर लेखकाची परवानगी बघा. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. हौशी मंडळानं तिकीट न लावता फुकट प्रयोग केला तर कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं की परवानगी नि मानधन आलंच.

तिकिटावरच्या कराबद्दलही विचारणा होते. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही.

वीज. आकडा टाकू नका. तो गुन्हा आहे, आणि ओल्या बांधीत हजार माणसं बसलेली असताना उघडी वायर म्हणजे जिवाशी खेळ. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या, अर्थिंग करून घ्या, जोड असलेली वायर जमिनीवर टाकू नका. बाहेर पडायला दोन वाटा मोकळ्या ठेवा. प्रेक्षकांत बायका मोठ्या संख्येनं असतात. त्यांच्यासाठी स्वच्छतागृह आणि घरी जायच्या वाटेवर उजेड, हा खर्च आधीच धरा.

हिशेब चौकात लावा

शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी, आणि तीच राहून जाते.

तिकीट पुस्तकांना अनुक्रमांक टाका. कुणाला कितीपासून कितीपर्यंतचं पुस्तक दिलं ते लिहून सही घ्या. फुकट पासची संख्या बैठकीत ठरवा. २०० पास वाटले तर वरच्या उदाहरणात २०,००० रुपये गेले, हे लक्षात ठेवा. त्या रात्रीच गेटवरची रोकड तिघांसमोर मोजा, आकडा कागदावर लिहा, तिघांनी सह्या करा. सकाळी मोजू म्हटलं की सकाळी आकडा बदलला, असं कुणीतरी म्हणणारच.

मग आठ दिवसांत जमा, खर्च आणि शिल्लक एका पानावर लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्याचाच फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. तोटा झाला असेल तर तोही लिहा. तोटा दिसला तर लोक पुढच्या वर्षी दोन तिकिटं जास्त घेतात. हिशेब दिसला नाही तर वर्गणी मागायला गेलेल्या पोराला दारातूनच परत पाठवतात.

तर नाटकाचे उरलेले पैसे कुणाचे? अध्यक्षाचे नाहीत, कार्यकारिणीचे नाहीत, कंपनीचेही नाहीत. ते मंडळाचे, म्हणजे गावाच्या पुढच्या नाटकाचे. यंदाची तारीख घ्यायला वडशाला निघण्याआधी मागच्या वर्षीचं ते एक पान तयार आहे का, एवढं बघा. नसेल तर आधी ते लिहा, मग गाडीत बसा.