अभ्यासक्रम कुठे ठरतो, कुठे गळतो

ठाकूरद्वारच्या एका चाळीत आम्ही काही मित्र रविवारी सकाळी मुलांची अभ्यासिका चालवतो. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीला मी विचारले, 'समतेचा लढा' हा इतिहासाचा धडा वर्गात झाला का? ती म्हणाली, "तो घरी वाचून घ्यायला सांगितलाय, सर. परीक्षेला नाही."

मला माझी शाळा आठवली. मार्च उजाडला की तिथेही असेच धडे 'स्वतः वाचा' म्हणून सोडले जात. मी घरातला पहिला पदवीधर. घरी वाचून समजावणारे कोणी नव्हतेच. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक आहे, त्यांच्या मुलांचा असा धडा फार तर लांबणीवर पडतो. आमच्या मुलांचा मात्र तो कायमचा बुडतो.

आपण पाठ्यपुस्तकालाच अभ्यासक्रम समजतो. वस्तुतः पुस्तक हा मधला टप्पा आहे. प्रथम आराखडा होतो. मुलांनी काय व्हावे, कोणती मूल्ये घ्यावीत, हे तिथे ठरते. राष्ट्रीय आराखडा 2005 साली आला, त्यावरून महाराष्ट्राचा 2010 साली. मग इयत्ता आणि विषयवार पाठ्यक्रम ठरतो. त्याबरहुकूम पुस्तक लिहिले जाते. महाराष्ट्रात हे काम 1967 साली पुण्यात स्थापन झालेली 'बालभारती' करते. शेवटी शाळेचे वार्षिक नियोजन, तासिका आणि प्रश्नपत्रिका. कागदावरचा अभ्यासक्रम मुलापर्यंत किती पोहोचतो, हे या शेवटच्या टप्प्यावर ठरते.

हा प्रश्न आजचा नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य असे काय शिकवावे तेही त्यांनी मांडले. शिक्षक कोणत्या समाजातून यावेत, याचाही विचार केला. शाळेचे दार उघडले तरी आत काय शिकवतात हे दुसऱ्यांच्याच हाती राहिले, तर काय होते, हे त्यांनी ओळखले होते.

त्याचा दाखला याच मुंबईत सापडतो. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. ठाकूरद्वारवरून जाणारा रस्ता आज त्याच नानांच्या नावाचा आहे. संस्कृत विषय अभ्यासक्रमात होता, त्याला मान होता. परंतु एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना, केवळ अस्पृश्य म्हणून, तो घेता आला नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. विषय कागदावर होता, वर्गात त्यांच्यापुरता नव्हता.

आपल्या चळवळीची एक उणीव इथे कबूल केली पाहिजे. छापून आलेल्या पुस्तकात काही खटकले की आपण मोर्चा काढतो. पण तोवर दोन टप्पे उलटून गेलेले असतात. 2024 साली राज्याच्या नव्या आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला. मूल्यांविषयीच्या प्रकरणात मनुस्मृतीतील श्लोक दिसताच महाराष्ट्रात वाद पेटला. 1927 साली महाडला जिचे दहन झाले, ती पुन्हा मुलांच्या मूल्यशिक्षणात येणार काय, हा प्रश्न रास्तच होता. परंतु त्या वेळी मसुद्याची पाने उलटून लेखी हरकती पाठवणारे आपल्यात किती होते? मी स्वतः वर्तमानपत्रातली बातमी वाचून संतापलो. मसुदा वाचला तो नंतर.

शेवटचा टप्पाही आपल्या हातचा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या 24व्या कलमानुसार पहिली ते आठवीचा संपूर्ण अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पुरा करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. याच कायद्याखालील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया. त्या बैठकीत गिरणी कामगाराची नात किंवा सफाई कामगार आई उठून विचारू शकते : वार्षिक नियोजन दाखवा, कोणता धडा राहिला, आणि का?

त्या मुलीचा धडा आम्ही पुढच्या दोन रविवारी चाळीतच घेतला. परंतु चाळीतली अभ्यासिका शाळेची जागा घेऊ शकत नाही. तो धडा वर्गात, फळ्यासमोर, सर्व मुलांच्या देखत शिकवला गेला पाहिजे. समतेचा धडा फक्त आपल्याच मुलांनी वाचून भागणार नाही.