कंपवातासाठी गटानं पैसे द्यायचे, तर कुठं आणि कसे?

संक्रांतीचं हळदीकुंकू असो की गटाची मासिक बैठक, “यंदा काहीतरी चांगल्या कामाला देऊ या” असं कुणीतरी म्हणतंच. शाळा, मंदिर, अन्नदान लगेच सुचतं. आज आपण जरा वेगळ्या कामाबद्दल बोलू. मेंदूची झीज होणाऱ्या आजारांसाठी काही संस्था काम करतात. त्यांना मदत कशी करायची, ते बघू.

आधी आजार समजून घेऊ. कंपवात, म्हणजे डॉक्टर ज्याला पार्किन्सन्स म्हणतात, तो असाच एक. आपल्या मेंदूत डोपामीन नावाचं रसायन तयार होतं. हालचाल सुरळीत व्हायला ते लागतं. ते बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. मग हात थरथरतो, चाल मंदावते, आवाज बारीक होतो, सदऱ्याचं बटण लावायलाही वेळ लागतो. काहींना कंप सुटतही नाही, नुसतं अंग आखडतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, करणीनं तर होतच नाही. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचं वर्णन लिहिलं. आज औषधानं त्रास कमी होतो, माणूस बरीच वर्षं हिंडता-फिरता राहतो. पण पेशींची झीज थांबवणारं औषध अजून सापडलेलं नाही.

म्हणून इथं दोन कामांना पैसा लागतो. एक सांभाळाचं, दुसरं संशोधनाचं.

सांभाळ म्हणजे काय, ते घरातल्या बाईला विचारा. गोळी वेळेवर द्यायची, कारण वेळ चुकली की अंग आखडतं. हाताला धरून न्हाणीत न्यायचं, घास भरवायचा, रात्री कूस बदलून द्यायची. हे बहुतेक घरांत बायको नाहीतर सून करते, आणि वर्षानुवर्षं करते. अशा घरांना आधार देणाऱ्या संस्था आहेत. मुंबईची ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ २००१ पासून रुग्णांना एकत्र आणून व्यायाम, बोलण्याचा सराव आणि घरच्यांना सल्ला देते. पुण्याचं ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ हा तर रुग्णांचा आणि घरच्यांचा स्वमदत गटच आहे, आपल्या बचत गटासारखा. म्हातारपणी स्मृती जाते त्या अल्झायमरसाठी काम करणारी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ १९९२ साली केरळात सुरू झाली.

संशोधनाचं काम लांब पल्ल्याचं. पण तिथंही थेंबे थेंबे तळं साचतं. २०१४ साली अमेरिकेत लोकांनी डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची आणि एएलएस या आजारासाठी पैसे द्यायचे, अशी लाट आली होती. एएलएसमध्ये स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मरतात. त्या लाटेत तिथल्या एका संस्थेकडं ११ कोटी ५० लाख डॉलर जमले. त्यातून मदत मिळालेल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये या आजाराशी संबंध असलेलं एक जनुक शोधलं. बरं करणारं औषध अजून नाही, पण कुठं शोधायचं ते थोडं कळलं.

मग आपण कुणाला द्यायचं? आमचं मत असं, की रक्कम छोटी असेल तर आधी सांभाळाला द्यावी. बारा जणींनी महिन्याला १० रुपये काढले, तर वर्षाला १,४४० होतात. संशोधनाला दिलेल्या पैशाचं फळ दिसायला वर्षं जातात. सांभाळाला दिलेल्या पैशाचं काय झालं, ते आपण जाऊन बघू शकतो.

देण्याआधी चार गोष्टी बघा. संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. गेल्या वर्षीचा तपासलेला हिशोब मागा. पैसे संस्थेच्याच नावाच्या बँक खात्यात भरा, कुणा व्यक्तीच्या खात्यात नाही, आणि पावती घ्या. मोबाइलवर फिरत आलेल्या फोटोला आणि स्कॅन करायच्या चौकटीला भुलून पैसे पाठवू नका. आणि “कंपवात मुळापासून बरा करतो” म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथून उठा. हिशोब विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. आपल्या गटाचं पासबुक आपण दर महिन्याला बघतोच की.

पैसे नसतील तरी देण्यासारखं बरंच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहे. प्रमाणपत्रासाठी त्या घराबरोबर सरकारी दवाखान्यात जाता येईल. आठवड्यातून एक दुपार त्या आजोबांजवळ बसता येईल, म्हणजे त्यांच्या सुनेला बाजारात जाता येईल, नाहीतर नुसतं झोपता येईल.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावात असं घर कुठलं आहे, आणि तिथं या आठवड्यात कोण जाणार?