सिग्नलला गाडी थरथरते, मध्येच बंद पडते. गॅरेजला नेण्याआधी घरी काय तपासाल?

ताराराणी चौकात किंवा दसरा चौकात सिग्नल लागला, की काही गाड्या नुसत्या उभ्या राहत नाहीत, हलत असतात. आरसे थरथरतात, इंजिनाचा आवाज वर-खाली होतो. बंद पडू नये म्हणून चालवणारा सारखा अ‍ॅक्सिलेटर पिळत राहतो. मेकॅनिकच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करत असते.

स्लोवर असताना इंजिनाला सगळ्यात कमी हवा आणि सगळ्यात कमी पेट्रोल मिळतं. बहुतेक बाईक तेव्हा मिनिटाला 1200 ते 1500 फेऱ्यांवर चालतात, गरम झालेलं कारचं इंजिन साधारण 700 ते 900 वर. वेगात असताना झाकली जाणारी छोटी खोट इथे उघडी पडते. बिघाड बहुतेकदा हवा, पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी एकात असतो.

आधी पाना नको, कान लावा. फक्त सकाळी थंड इंजिनावर मिसिंग होतं की गरम झाल्यावरही? चोक चुकून ओढलेला राहिलाय का? कारमध्ये एसी लावल्यावरच थरथर वाढते का? हे नीट टिपून ठेवलं, तर पुढे मेकॅनिकचंही निम्मं काम होतं. आणि तपासणी उघड्या जागेत करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवलं तर साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने जीव जातो.

सुरुवात एअर फिल्टरपासून करा. गुऱ्हाळाच्या रस्त्यावरची धूळ किंवा फौंड्रीजवळची बारीक राख रोज खाणारा फिल्टर मॅन्युअलमधल्या मुदतीआधीच भरतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

मग स्पार्क प्लग. खर्च थोडा आणि माहिती भरपूर देणारा दुसरा भाग गाडीत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग पान्याने काढा आणि टोकाचा रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरटपणा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ओला आणि तेलकट असेल तर इंजिन ऑईल वर येतंय, आणि तो घरचा उपाय नव्हे. टोकांमधलं अंतर मॅन्युअलप्रमाणे ठेवा. बाईकमध्ये ते सहसा 0.6 ते 0.9 मिलिमीटर असतं. प्लग बसवताना आधी हातानेच आटे धरू द्या. थेट पाना लावला आणि आटे गेले, तर शंभर-दोनशेचं काम सिलिंडर हेडवर जातं.

प्लग चांगला असेल, तर पुढची वाट गाडीच्या वयावर ठरते.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि बाईक-स्कूटरमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याआधीच्या गाड्यांत पहिला संशयित म्हणजे कार्बोरेटरचा पायलट जेट. याचं भोक इतकं बारीक असतं, की महिनाभर उभ्या गाडीतलं पेट्रोल सुकून राहिलेला चिकट थरही ते बुजवतो. तार खुपसू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत पुरेसा असतो. मिक्स्चर स्क्रू फिरवण्याआधी तो किती फेऱ्यांवर होता ते लिहून ठेवा. अनेक जण हे विसरतात आणि मग गाडी कुणालाच जुळत नाही.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र स्क्रूशी खेळू नका. थ्रॉटल बॉडीवर काळा थर असतो, तो त्यासाठीच्या क्लीनरने पुसता येतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल, तर स्कॅनर जोडून कोड वाचा. कारमध्ये 'पी0302' आला, तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहा. कोडही तिकडे सरकला, तर दोष कॉइलचाच.

इथेनॉलचा दोष किती?

ऊस आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. 2025 मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल 20 टक्क्यांवर गेलं. इथेनॉलसोबत प्राणवायू येतो, त्यामुळे मिश्रण थोडं विरळ होतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी ते सांभाळून घेते, जुना कार्बोरेटर नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. प्रमाणाबाहेर पाणी गेलं, की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाला पेट्रोल तळातूनच जातं. म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या गाडीबाबत हा संशय रास्त आहे. रोज चालणाऱ्या गाडीत मात्र पेट्रोल पंपाला शिव्या देण्याआधी प्लग बघावा.

2019 आणि 2021 चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांसाठी वेगळी सूचना. गाडी पुरात बुडाली असेल, तर 'चालू होतीय का बघू' म्हणून स्टार्टर मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड लागते. बॅटरीची तार काढा आणि ऑईल बघा. ते दुधट दिसलं, तर गाडी ढकलत किंवा टेम्पोतून न्यावी.