स्वस्त परदेशी गिटारची घडण

दहावीची परीक्षा पार पडली कीं मुंबई-पुण्याच्या वाद्यांच्या दुकानांतून मुलांची व त्यांच्या वडिलांची ये-जा सुरू होते. मुलाचा डोळा भिंतीवर टांगलेल्या विजेच्या गिटारवर असतो, वडिलांचा तिच्या चिठीवरील आंकड्यावर. शेवटीं जी घरीं येते ती बहुधा चीन किंवा इंडोनेशिया येथें तयार झालेली, दिसण्यांत लखलखीत व किंमतीनें बेताची अशी असते. दोन महिने मुलगा मनापासून बसतो. तारा स्वरांत लावतो, दहा मिनिटांत त्या उतरतात. मास्तर सांगतात तेथेंच बोट ठेवतो, तरी स्वर चढाच निघतो. पुढें आपल्याला कानच नाहीं असा निर्णय तो स्वतःच देऊन टाकतो आणि वाद्य कपाटावर जातें. दोष कानाचा कीं वाद्याचा, हें कोणी विचारीत नाहीं. विचारावयाचें झाल्यास हें वाद्य घडतें कसें, आणि स्वस्त होतें तें नेमकी कोठें काटकसर केल्यानें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

विजेच्या गिटारला सतारीसारखा भोपळा लागत नाहीं. पोलादी तार कांपते, तिच्याखालीं लोहचुंबकाभोंवतीं गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक तारेंत त्या कंपानें क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तोच वाढवून कर्ण्यांतून ऐकविला जातो. या चुंबकाच्या वेटोळ्यालाच पिकअप म्हणतात. त्यामुळें धड भरीव लांकडाचें असलें तरी चालतें. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर नांवाचा रेडिओ दुरुस्त करणारा एक गृहस्थ होता. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. १९५० सालीं त्यानें जी भरीव गिटार बाजारांत आणली, तिची दांडी धडाला सरसानें चिकटविलेली नव्हती, चार स्क्रूंनीं बसविलेली होती. दांडी बिघडली तर स्क्रू काढावे आणि दुसरी लावावी, असा रेडिओवाल्याचा साधा हिशेब त्यांत होता. परंतु त्या चार स्क्रूंमुळें आणखी एक गोष्ट झाली. व्हायोलिनची नक्कल करावयास पिढीजात कारागीर लागतो. ही गिटार मात्र करवत, भोंकें पाडण्याचें यंत्र आणि रंगाचा फवारा एवढ्या सामग्रीवर कोणत्याही सुतारकामाच्या कारखान्यांतून निघूं शकली.

नक्कल करणारे लवकरच पुढें आले. ब्रिटनमध्यें १९५१ पासून १९५९ पर्यंत, डॉलर वांचविण्यासाठीं, अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंदी होती. तेथील तरुणांना फेंडरची गिटार चित्रांतच पहावी लागे. हातीं येई ती युरोपांतली किंवा जपानी. पुढें 'शॅडोज' वाद्यवृंदामुळें प्रसिद्धीस आलेला हँक मार्विन हाही आरंभीं अँटोरिया या नांवानें विकली जाणारी जपानी गिटारच वाजवीत असे. अमेरिकेंत ही लाट १९६४ नंतर उसळली. त्या वर्षीं फेब्रुवारींत बीटल्स मंडळी तेथें टेलिव्हिजनवर दिसलीं आणि घरोघरचीं पोरें गिटार मागूं लागलीं. टेइस्को वगैरे जपानी कारखान्यांचा माल तेव्हां मोठमोठ्या दुकानांतून निरनिराळ्या नांवांनीं खपूं लागला. धड पुष्कळदां थराच्या लांकडाचें, दांडी जाड, तारा पडद्यांपासून इतक्या उंच कीं दाबतां दाबतां बोटें सोलून निघावीं. वर मात्र चकचकीत पत्रा आणि चार-चार पिकअप! गिऱ्हाइकाच्या डोळ्याला जें दिसे त्यावर खर्च, आणि बोटाला जें लागे त्यावर काटकसर, अशी ही पद्धत होती.

ती पद्धत जपाननेंच मोडली. मात्सुमोतो शहरांतील फुजिजेन व हामामात्सु येथील तोकाई या कारखान्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकन गिटारी सुट्या करून, मापें घेऊन, हुबेहूब काढावयास आरंभ केला. १९७७ सालीं गिब्सन कंपनीच्या मालकांनीं होशिनो या जपानी व्यापारी संस्थेच्या अमेरिकेंतील शाखेवर फिर्याद लावली. पुढच्याच वर्षीं तडजोड झाली. तक्रार माल वाईट असल्याची नव्हती. गिटारच्या माथ्याचा आकार चोरल्याची होती. माल वाईट असता तर कोर्टाची पायरी चढण्याचें कारणच काय होतें? फेंडर कंपनीनें निराळा मार्ग धरला. १९८२ सालीं तिनें जपानांतच भागीदारी केली आणि फुजिजेनच्या कारखान्यांत आपल्याच गिटारी स्क्वायर या नांवानें स्वस्तांत करून घेतल्या. त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील गिटारी आज शोधून शोधून विकत घेतल्या जातात.

१९८५ नंतर येनचा भाव चढला आणि स्वस्त गिटारचें काम कोरियाकडे, तेथून इंडोनेशिया व चीनकडे सरकलें. जेथें मजुरी वाढली तेथून तें उठलें. कोरियांतील कोर-टेक कंपनीनें २००७ सालीं तेथील कारखाने बंद केले. कामावरून काढलेल्या कारागिरांचा लढा २०१९ च्या एप्रिलांत तडजोड होईपर्यंत चालला. गिटारच्या चिठीवर छापलेल्या किंमतींत हा हिशेब कोठें दिसत नाहीं.

आजची स्वस्त गिटार १९६५ च्या स्वस्त गिटारहून पुष्कळच बरी आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. याचें श्रेय संगणकाच्या आज्ञेनें चालणाऱ्या कापणीयंत्रांना आहे. फेंडरच्या पद्धतीच्या गिटारींत तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर असते. पहिला पडदा या लांबीला १७.८१७ नें भागून येणाऱ्या अंतरावर, म्हणजे सुमारें ३६.४ मिलिमीटरवर बसतो. उरलेल्या लांबीला पुन्हां त्याच संख्येनें भागलें कीं दुसऱ्याची जागा मिळते. असें करीत बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो आणि तेथें वरचा षड्ज मिळतो. हें गणित पूर्वीं कारागिराच्या हातावर अवलंबून असे. आतां यंत्र सर्व चिरा सारख्याच अचूक पाडतें, मग गिटार पंधरा हजारांची असो कीं दीड लाखाची.

मग मुलाचा स्वर चढतो कशानें? यंत्राचें काम संपल्यावर हाताचें काम सुरू होतें, आणि स्वस्ताई बहुतेक तेथेंच केलेली असते. माथ्यापाशीं खांचा पाडलेली एक चिंचोळी पट्टी असते. वीणेच्या भाषेंत तिला मेरू म्हणावें. तिच्या खांचा जरूरीपुरत्या खोल करण्यास बारीक कानस व शांत चित्त लागतें. त्या उथळ राहिल्या तर पहिल्या दोन-तीन पडद्यांवर तार फार खालीं दाबावी लागते, ताणली जाते, आणि स्वर चढतो. नवशिक्याची बोटें तर नेमकीं याच तीन पडद्यांवर फिरत असतात! खांच अरुंद असेल तर तार तींत अडकते, आणि स्वर लावून झाल्यावर केव्हां तरी निसटून बेसूर होते. पडदे ठोकल्यावर ते एका पातळींत घासावे लागतात, त्यांचीं टोकें गोल करावीं लागतात. तेंही घाईंत उरकलें जातें. खुंट्यांचे दांते ढिले असतात. धड तीन-चार तुकडे जोडून केलेलें असलें तरी वरच्या जाड रंगाखालीं सांधे दिसत नाहींत. पण त्यानें वादकाचें फारसें बिघडत नाहीं. दुकानदार लांकडाच्या जातीचें जें वर्णन करतो, त्यापेक्षां मेरूची एक खांच अधिक महत्त्वाची आहे.

मिरजेच्या तंतुवाद्यांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना हें नवें वाटणार नाहीं. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. भोपळा, दांडी, खुंट्या सर्व जुळवून झाल्यावरही तंबोरा मुका असतो. कारागीर घोडीचा माथा घासून, तार छेडून, पुन्हां घासून जवारी काढतो तेव्हां तो बोलूं लागतो. स्वस्त गिटार ही बहुतेक वेळां जवारी न काढलेल्या तंबोऱ्यासारखी दुकानांत येते. हें काम माहीतगाराकडून मागाहून करून घेतां येतें, आणि त्याची मजुरी नव्या गिटारच्या मानानें थोडी असते.

हवेचाही वांटा आहे. पुरतें न मुरलेलें लांकूड दमट कारखान्यांतून निघून विदर्भाच्या मे महिन्यांत सांपडलें कीं आकसतें. धातूचे पडदे आकसत नाहींत, आणि त्यांचीं टोकें दांडीच्या कडेला करवतीसारखीं हाताला लागतात. कोंकणच्या पावसाळ्यांत तेंच लांकूड फुगतें. दांडीच्या पोटांत एक पोलादी सळई असते. तिची चाकी पाव वेढा फिरविली कीं दांडीचा बांक सुधारतो; जोर करून अधिक फिरविली तर सळई तुटते, आणि मग फेंडरच्या चार स्क्रूंची आठवण होते.

गिटार घेतांना माहीतगार मनुष्य रंगाकडे पहात नाहीं. तो दांडीच्या कडेवरून तळहात फिरवितो. एक डोळा मिटून माथ्याकडून धडाकडे दांडीचा बांक पाहतो. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतें टेकवून निघणारा स्वर आणि तेथेंच तार दाबून निघणारा स्वर एक आहे कीं नाहीं, तें ऐकतो. मग तार खेंचून दीर्घ मींड घेतो आणि सोडल्यावर ती मूळ स्वरावर परत येते का तें पाहतो. येतांना मेरूपाशीं 'टिक्' असा आवाज झाला तर खांच अरुंद आहे. तूर्त तींत शिसपेन्सिलीची पूड घातली तरी काम भागतें.

त्या जुन्या टेइस्कोंचें मात्र पुढें नवल झालें. त्यांच्या दांड्यांना कोणी वाखाणलें नाहीं, पण सोनेरी पत्र्याखालीं दडविलेल्या स्वस्त पिकअपचा आवाज कांहीं वादकांच्या मनांत भरला. विश्वमोहन भट्ट यांच्याबरोबर वाजवून १९९३ सालच्या ध्वनिमुद्रिकेनें ग्रॅमी पारितोषिक मिळविणारा राय कूडर यानें तसला एक पिकअप आपल्या फेंडर गिटारला बसविला. नंतर खुद्द फेंडर कंपनीनेंच २०२३ सालीं त्या धर्तीच्या सोनेरी पिकअपच्या गिटारी विकावयास काढल्या. आणि त्या करून घेतल्या मेक्सिकोंत.