घाणेरीचे निर्मूलन व कुरणांचे रक्षण

भोर व वेल्हे भागांतील डोंगरउतारांवरील गवत हा तेथील गुरांचा मोठा आधार होय. अशा उतारावर घाणेरी माजली म्हणजे चराई हळूहळू नाहीशी होते. हे झुडूप टणटणी या नावानेही परिचित आहे.

घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. १८०९ च्या सुमारास शोभेचे झाड म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली व पुढे देशभर पसरली. तिची पिकलेली काळी फळे बुलबुलासारखे पक्षी खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी दूरवर पडते.

घाणेरीच्या दाट जाळीखाली गवत व रानातील झाडांची रोपे वाढू शकत नाहीत. ससा व भेकर यांचा चारा घटतो. उघड्या गवतात राहणाऱ्या लाव्यांचा आसरा जातो. उलट, शेताजवळच्या जाळीत रानडुकरांना लपण्यास जागा मिळते. फुलांवर फुलपाखरे येतात हे खरे. परंतु नाना जातींच्या गवताची व झुडपांची उणीव हे एकच झुडूप भरून काढू शकत नाही.

घाणेरीचा पाला विषारी आहे. चाराटंचाईत गुरांनी तो खाल्ल्यास यकृत बिघडून कावीळ होते व उन्हाने कातडी सोलवटते. अशा गुरास सावलीत बांधावे व पशुवैद्यकास विनाविलंब बोलवावे.

नुसते तोडल्याने अथवा जाळल्याने घाणेरी मरत नाही; बुडखा पुन्हा फुटतो. यासाठी जमीन ओली असताना, फळे पिकण्यापूर्वी, कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ४ इंचांवर तोडावे. नंतर झुडूप उपटून मुळे वर करून वाळत ठेवावे. म्हणजे फांद्या मातीत रुजणार नाहीत. तीव्र उतारावर सर्व जागा एकदम उघडी न करता पट्ट्यापट्ट्याने काम करावे. अन्यथा माती वाहून जाईल.

मोकळ्या जागी लगेच मारवेल, पवन्या यांसारख्या स्थानिक गवतांचे बी पेरावे व ती जागा चराईस बंद ठेवावी. पक्षी बसतात त्या झाडांखाली नवी रोपे उगवतात. ती पुढील दोन-तीन वर्षे उपटीत राहावे. वनजमिनीवर काम करण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी.

एकट्याचे रान स्वच्छ होऊन भागत नाही. शेजारच्या बांधावरील बी पुन्हा येतेच. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम सर्व गावाचे म्हणून हाती घ्यावे.