जनावर चारा का टाकते ?

वैनगंगेच्या खोऱ्यात, वरठी व तिच्या आसपासच्या धानपट्टीत, रोवणीचे दिवस आले म्हणजे जनावरांच्या रोगांचेही दिवस येतात. बैल किंवा म्हैस चारा टाकते, रवंथ बंद करते, कान पाडून एका अंगास उभी राहते. आणि धनी नळीने तोंडात पेज ओतण्याच्या खटपटीस लागतो. चारा टाकणे हाच रोग, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः ती रोगाची वर्दी होय.

जंतू शरीरात शिरले म्हणजे रक्षक पेशी त्यांच्याशी झुंजू लागतात, व त्याच वेळी इंटरल्यूकिन आदी द्रव्ये रक्तात सोडतात. ही द्रव्ये म्हणजे जासूदच होत. त्यांचा निरोप मेंदूच्या तळाशी पोहोचताच तेथून तीन आज्ञा सुटतात : अंगात ताप आणा, भूक आवरा, आणि मूत्रपिंडांजवळील ग्रंथींतून कॉर्टिसॉल हा स्राव वाढवा. कॉर्टिसॉल संकटकाळी शरीरातील साठा मोकळा करतो, आणि जंतूंशी चाललेली झुंज स्वतःच्याच शरीरास घातक होऊ नये म्हणून तिला लगामही घालतो. इंटरल्यूकिनमुळे ही साखळी चाळविली जाते, हे १९८७ साली प्रयोगांनी दाखविले गेले. त्यापूर्वी १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जंतुबाधित उंदरांस बळेच अन्न भरविले, तेव्हा तेच अधिक मेले. उंदीर म्हणजे बैल नव्हे, हे खरे. तथापि आरंभीची अरुची ही शरीराच्या बचावाचाच एक भाग असावी, असे यावरून दिसते.

घटसर्पात तर ओतलेली पेज विशेष धोक्याची. घसा सुजलेला असल्यामुळे ती फुप्फुसांत उतरते. आणि हा रोग एक-दोन दिवसांतच जनावर नेतो.

दुसरा धोका याहून छुपा आहे. कॉर्टिसॉलच्या जातीची, म्हणजे स्टेरॉइडची, सुई टोचली की ताप उतरतो, जनावर तणसास तोंड लावते, आणि धनी निश्चिंत होतो. परंतु जासूदांचे तोंड बंद झाले म्हणून शत्रू परतला असे होत नाही; उलट रक्षक पेशींचे बळ मात्र खचते. भरल्या दिवसांची गाय अशा सुईने अवेळी विण्याचाही संभव असतो. ही औषधे योग्य प्रसंगी उपयोगी आहेत. पण तो प्रसंग पशुवैद्याने ठरवावा, गावोगाव फिरणाऱ्या सुईवाल्याने नव्हे.

तथापि अरुची लांबू देणेही बरे नव्हे. पोटातील पचनास साह्य करणारे जंतू उपाशी पडतात, आणि दुभती गाय अंगची चरबी जाळून अधिकच खंगते. यास्तव जनावराने चारा टाकताच ताप मोजावा. गाईबैलांची स्वाभाविक उष्णता सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट असते. जनावर सावलीत, इतरांपासून वेगळे बांधावे, स्वच्छ पाणी व थोडा हिरवा चारा समोर ठेवावा, आणि त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे. घटसर्प व फऱ्या यांची लस मृगापूर्वीच टोचून घेतली, तर रोवणीच्या ऐन घाईत गोठ्यातून अशी वर्दी येण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील.