‘लेव्हल ४’ म्हणजे चौथा मजला नव्हे! पोलिसांचा वायरलेस ऐकणारा स्कॅनर मागवण्याआधी हे वाचा

२२ ऑक्टोबर २०२१. लालबाग-करी रोडच्या अविघ्न पार्क या साठेक मजली टॉवरमध्ये आग लागली. थोड्याच वेळात बातमी आली, ‘लेव्हल ४ची आग’. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं, चौथ्या मजल्यावर आग आहे, म्हणजे खालीच आहे, माणसं उतरतील. प्रत्यक्षात आग होती १९व्या मजल्यावर. ‘लेव्हल’ ही मुंबई अग्निशमन दलाची आगीची श्रेणी आहे. आग किती मोठी, किती बंब पाठवायचे, कोणत्या दर्जाचा अधिकारी जागेवर हवा, हे त्यावरून ठरतं. मजल्याशी तिचा काहीच संबंध नाही. त्या दिवशी १९व्या मजल्यावरून लोंबकळलेला एक सुरक्षारक्षक खाली पडून गेला. त्याचा व्हिडिओ त्याच दिवशी राज्यभर फिरला.

ही आग आठवायचं कारण वेगळं आहे. यूट्यूबवर आणि रील्समध्ये हल्ली एक प्रकार दिसतो: ‘हजार-दोन हजारांत पोलीस, फायर ब्रिगेड, ॲम्ब्युलन्सचा वायरलेस घरबसल्या ऐका’. आपल्याकडच्या पोरांनाही त्याची हौस आहे. गणपती जवळ आले की मंडळांच्या ग्रुपवर वॉकी-टॉकीच्या लिंक फिरू लागतात, त्यांच्याबरोबर हेही येतं. म्हणून हे यंत्र काय आहे, त्यात काय ऐकू येतं आणि ते ऐकलं तर काय होऊ शकतं, ते एकदा नीट सांगतो.

स्कॅनर म्हणजे काय

स्कॅनर हा एक रेडिओच. फरक एवढाच की एफएम रेडिओत आपण एक स्टेशन लावून बसतो, आणि स्कॅनर एकामागून एक शेकडो फ्रिक्वेन्सी भराभर तपासत जातो. कुठे कुणी बोलताना सापडलं की तिथे थांबतो. बोलणं संपलं की पुन्हा पळायला लागतो. परदेशात याचे खास सेट मिळतात. पण २०१२च्या सुमारास काही हौशी लोकांच्या लक्षात आलं की कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला जो स्वस्तातला यूएसबी डोंगल मिळतो, त्याची चिप सॉफ्टवेअर बदललं की जवळपास कुठलीही फ्रिक्वेन्सी पकडते. तिथून हा छंद स्वस्त झाला. अँटेना, डोंगल, लॅपटॉप, बास. इंजिनिअरिंगची पोरं अभ्यासासाठीही तो वापरतात, त्यात वावगं काही नाही. प्रश्न तो कशाकडे वळवतो, याचा आहे.

आता तो पोलिसांकडे वळवला तर काय ऐकू येईल? सिनेमात दाखवतात तसं काही नाही. बराच वेळ नुसती खरखर. मग तुटक वाक्यं. पोलिसांची भाषा ही कामाची भाषा असते. मुंबईत गस्तीच्या गाडीला ‘पीटर मोबाईल’ म्हणतात, अधिकाऱ्यांना नावाऐवजी सांकेतिक हाक असते, ‘कंट्रोल’ म्हणजे नियंत्रण कक्ष. एकाचं बोलणं ऐकू येतं, समोरच्याचं येत नाही, कारण तो डोंगराआड असतो. पहिला निरोप ऐकला आणि तो चुकीचा होता हे सांगणारा दुसरा निरोप ऐकायचा राहिला, असंही होतं. शिवाय सगळीकडेच पोलीस दलं हळूहळू डिजिटल आणि कुलूपबंद यंत्रणेकडे चालली आहेत. अमेरिकेत स्कॅनर ऐकणं हा जुना आणि बहुतांश ठिकाणी कायदेशीर छंद, तरी न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३पासून आपले चॅनल कुलूपबंद करायला घेतले. तिथे आता स्कॅनरवाल्याला फक्त चर्रर्र आवाज मिळतो.

अर्धवट ऐकलेला एक शब्द

अर्धवट ऐकण्याने काय होतं ते बघायला लालबागपासून लांब जायला नको. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) या स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. अचानक आलेला जोराचा पाऊस, जिन्यावर थांबलेली गर्दी आणि अरुंद पूल, ही मूळ कारणं. पण त्यातून वाचलेल्या एका मुलीने रेल्वेच्या चौकशीत सांगितलेली गोष्ट तेव्हा सगळीकडे छापून आली होती. फुलवाल्याच्या डोक्यावरची फुलं पडली, तो ओरडला ‘फूल गिर गया’, आणि लोकांनी ऐकलं ‘पूल गिर गया’. एका अक्षराचा फरक. तोही चार हातांवरून, समोरासमोर ऐकताना.

वायरलेसच्या खरखरीतून, सांकेतिक भाषेत, पन्नास किलोमीटरवरून ऐकलेलं आणि मग व्हॉट्सॲपवर टाकलेलं वाक्य किती खरं राहील, याचा अंदाज करा. अमेरिकेत बॉस्टनला एप्रिल २०१३मध्ये मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. संशयितांचा पाठलाग चालू असताना हजारो लोक स्कॅनर ऐकून सोशल मीडियावर लिहीत होते. त्यात एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव आरोपी म्हणून फिरलं. त्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. घरचे आधीच त्याला शोधत होते, त्यात हे. पोलिसांना हात जोडून सांगावं लागलं की स्कॅनरवर ऐकलेलं पसरवू नका. आणि अफवा काय करते हे आपल्याला अमेरिकेने शिकवायची गरज नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे ‘मुलं पळवणारी टोळी’ या मोबाईलवरच्या अफवेतून भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं.

कायदा काय सांगतो

जुन्या लोकांना आठवत असेल, साध्या रेडिओलासुद्धा पोस्टातून लायसन काढावं लागायचं. ते १९८०च्या दशकात गेलं, पण फक्त आकाशवाणी ऐकण्यापुरतं. बाकी बिनतारी यंत्र विनापरवाना बाळगायला १९३३च्या कायद्यापासून बंदी आहे. २०२३मध्ये नवा दूरसंचार कायदा आला. त्याचं ४२वं कलम २६ जून २०२४पासून लागू झालं आहे. दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडणं हा त्यात गुन्हा आहे आणि शिक्षा आहे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी फक्त ऐकत होतो, बोललो नाही’ हा बचाव इथे कामाला येईल असं समजू नका.

हे जरा जास्तच कडक आहे, असं काहींना वाटेल. मलाही आधी वाटलं होतं. पण मग २६/११ आठवा. पोलीस आणि कमांडो कुठे उतरताहेत, कुठून चढताहेत, हे टीव्हीवर थेट चाललं होतं आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबची फाशी कायम करताना २९ ऑगस्ट २०१२च्या निकालात सुप्रीम कोर्टाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे मारले. पुढे २०१५मध्ये केबल टीव्हीच्या नियमात बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद झालं. टीव्हीला जे दाखवायची मुभा नाही, ते आपण घरच्या डोंगलवरून ग्रुपवर टाकायचं, हे कसं चालेल?

मग पोलिसांच्या वायरलेसवर काय बोललं गेलं ते सामान्य माणसाला कधीच कळू नये का? कळतं, पण मार्ग वेगळा आहे. २६/११ला शहीद झालेले अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहिती अधिकारात अर्ज करून त्या रात्रीच्या नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या. रंगभवनच्या गल्लीत आपल्या माणसाबरोबर काय झालं, मदत का पोचली नाही, हे प्रश्न त्यांनी त्या नोंदींच्या आधारे विचारले आणि २००९मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात मांडले. चोरून ऐकलेल्या वाक्याला असं वजन कधीच आलं नसतं.

मंडळाची वॉकी-टॉकी

हा भाग मंडळवाल्यांनी नीट वाचावा, कारण इथे नकळत चूक होते. लालबागच्या गर्दीत जे उभे राहिलेत त्यांना माहीत आहे, फोनला रेंज असते पण कॉल लागत नाही. लाखो फोन एकाच टॉवरवर. म्हणून पोलिसांचा जीव वायरलेसमध्ये असतो आणि म्हणूनच मंडळांनाही वॉकी-टॉकी हवीशी वाटते. घ्या, पण बघून घ्या. आपल्या देशात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात कमी ताकदीचा सेट विनापरवाना वापरायला २०१८च्या नियमांनी मुभा दिली आहे. तोही सरकारी मान्यता असलेला सेट हवा. ऑनलाईन मिळणारे बरेच स्वस्त सेट मात्र १३६ ते १७४ आणि ४००च्या पुढे थेट ५००पर्यंत सगळीकडे बोलतात. त्या पट्ट्यात इतर सेवांचीही कामं चालतात. २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाईन कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि नंतर विक्रीचे नियमही आले. म्हणजे साईटवर दिसतोय म्हणून कायदेशीर, असं नाही.

वायरलेसच्या एका चॅनलवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दुसऱ्याने बटण दाबलं की जवळचा, जोरदार सेट जिंकतो आणि लांबचा दबतो. समजा, मिरवणुकीत एका कार्यकर्त्याचा सेट चुकून भलत्या फ्रिक्वेन्सीवर आहे आणि खिशात बटण दाबलं गेलंय. तेवढा वेळ ते चॅनल बंद. त्याच वेळी कुणीतरी ॲम्ब्युलन्स मागत असेल, तर ती हाक कुणालाच जात नाही. आणि चूक कुणाची, हे त्या कार्यकर्त्याला कळतही नाही.

हौस आहे, तर हॅम व्हा

ज्याला खरंच रेडिओचं वेड आहे त्याच्यासाठी सरळ रस्ता आहे: हॅम, म्हणजे हौशी रेडिओ. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते. वय १२ पूर्ण हवं. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, एवढाच अभ्यास. वरच्या श्रेणीला मोर्स कोडही लागतो. पास झालात की परवाना आणि स्वतःचं कॉलसाईन मिळतं, आपल्याकडे व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ने सुरू होणारं. त्या परवान्यावरही पोलिसांचं ऐकता येत नाही. पण जगभरच्या हॅमशी बोलता येतं, आणि वेळ आली तर कामालाही येतं.

ती वेळ आपल्या राज्यात आली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र, माणसं दमून झोपलेली. दहा हजारांच्या घरात लोक गेले. फोन बंद. तेव्हा हॅम मंडळी सेट आणि बॅटऱ्या घेऊन लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात पोचली आणि निरोपांची ये-जा सुरू केली. गंगासागरच्या जत्रेत बंगालचे हॅम आजही हरवलेली माणसं घरच्यांपर्यंत पोचवतात.

आणि गावात चोर आले, बिबट्या दिसला, आग लागली, तर स्कॅनरची गरजच नाही. पोलीस, आग, दवाखाना यासाठी ११२. ॲम्ब्युलन्सला १०८. तुमचं गाव ग्राम सुरक्षा यंत्रणेत असेल तर १८००२७०३६०० या टोल फ्री नंबरवर कॉल करून आपलं नाव, गाव आणि काय झालं ते बोला. तुमच्याच आवाजातला निरोप गावातल्या नोंद असलेल्या सगळ्या मोबाईलवर कॉल होऊन जातो. आपला नंबर त्यात नोंदलेला आहे का, ते पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या.